लास्कींचा तास

राज्यशास्त्र शिकवणाऱ्याने आपली राजकीय मते वर्गाच्या दाराबाहेर ठेवावीत, की ती घेऊनच आत यावे? विद्यापीठांत हा विषय आला तेव्हापासून हा प्रश्न त्याच्या पाठीशी आहे, आणि बहुतेकांनी त्याला दिलेले उत्तर सावध आहे: मते बाहेर, माहिती आत. या उत्तराची कसोटी घ्यायची तर हॅरॉल्ड लास्की यांच्यासारखे दुसरे उदाहरण सापडणे कठीण. १९२० पासून १९५० मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे तब्बल तीस वर्षे, त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये राज्यशास्त्र शिकवले. त्याच काळात ते समाजवादी विचारांच्या फेबियन सोसायटीच्या आणि पुढे मजूर पक्षाच्या कार्यकारिणीवर होते, सभा गाजवत होते, वृत्तपत्रांतून लिहीत होते. प्राध्यापक कोणत्या बाजूचा आहे हे वर्गात पाऊल टाकण्याआधीच प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असे. माझे म्हणणे असे आहे की शिक्षक म्हणून लास्कींचे बळ या उघडेपणातच होते. ते चुकले, आणि मोठ्या चुका त्यांनी केल्या. पण त्या तळमळीपायी झाल्या असे मला वाटत नाही. विचार करताना आणि शिकवताना जी शिस्त ते पाळत, ती सभेच्या मंचावर सुटली, तिथे ते घसरले.

लास्की ज्या संस्थेत आले तिचे वेगळेपण आधी ध्यानात घ्यायला हवे. ऑक्सफर्डमध्ये राजकारणाचा अभ्यास प्लेटो-ॲरिस्टॉटलच्या ग्रंथांतून आणि इंग्लंडच्या राज्यघटनेच्या इतिहासातून होई; राज्य चालवणाऱ्या घरांतल्या मुलांनी पुढे राज्य नीट चालवावे हा त्यामागचा हेतू. १८९५ मध्ये सिडनी आणि बिॲट्रिस वेब यांनी सहकाऱ्यांसह काढलेल्या लंडनच्या या संस्थेत मात्र दिवसा नोकरी करून संध्याकाळच्या वर्गाला येणारेही विद्यार्थी होते. तिथले राज्यशास्त्राचे पहिले प्राध्यापक ग्रॅहम वॉलस. माणूस मत देतो तेव्हा हिशेबाने कमी आणि भावना व सवयीने जास्त वागतो, असे १९०८ मध्ये पुस्तक लिहून सांगणारे. १९२६ मध्ये त्यांच्या अध्यासनावर लास्की आले तेव्हा त्यांचे वय अवघे ३३ होते.

पण शिक्षक म्हणून त्यांचे खरे घडणे अटलांटिकपलीकडे झाले होते. मँचेस्टरच्या एका ज्यू कापड व्यापाऱ्याचा हा मुलगा ऑक्सफर्डमधून १९१४ मध्ये पहिल्या वर्गात पदवी घेऊन आधी माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात आणि १९१६ मध्ये हार्वर्डला गेला. सप्टेंबर १९१९ मध्ये बॉस्टनच्या पोलिसांनी संप केला. मागणी साधी होती: आपली संघटना कामगार महासंघाला जोडू द्यावी. अकराशेहून अधिक शिपाई कामावरून निघून गेले, शहरात लुटालूट झाली, आणि राज्यपाल कॅल्व्हिन कूलिज यांनी संप मोडून काढला. नोकरीत अजून कायम न झालेल्या २६ वर्षांच्या लास्कींनी संपकऱ्यांची बाजू जाहीरपणे घेतली. शहर खवळले. हार्वर्डच्या विद्यार्थ्यांच्या विनोदी नियतकालिकाने जानेवारी १९२० मध्ये अख्खा अंक त्यांच्या टवाळीला वाहिला आणि त्यात त्यांच्या ज्यू असण्यावर ओंगळ वार केले. विद्यापीठाचे अध्यक्ष लॉरेन्स लॉवेल हे स्वतः राज्यशास्त्राचे मोठे अभ्यासक, विचारांनी पक्के परंपरावादी, आणि या संपाचे कडवे विरोधक. तरी विद्यापीठाच्या नियामकांनी लास्कींचा राजीनामा मागितला तर आपलाही राजीनामा त्यांच्या हाती पडेल, असे त्यांनी कळवले. लास्की त्याच वर्षी लंडनला निघून आले, पण या प्रकरणातून एक गोष्ट त्यांच्या मनात पक्की झाली असली पाहिजे: विरोधकाच्या बोलण्याच्या हक्कासाठी स्वतःची खुर्ची पणाला लावणारा माणूस त्यांनी जवळून पाहिला होता.

लास्कींच्या शिकवण्याचे वर्णन करणारे सगळे एकाच सुरात बोलतात. शरीराने किरकोळ, डोळ्यांवर गोल भिंगांचा मोठा चष्मा, ओठांवर छोटी मिशी. हातात टिपणाचा कागद नाही, आणि शंभर वर्षांपूर्वीच्या पत्रिकांचे, निवाड्यांचे, संसदेतील भाषणांचे संदर्भ तोंडपाठ. विद्यार्थ्यांसाठी खोलीचे दार उघडे असे. रविवारी पश्चिम लंडनमधील ॲडिसन ब्रिज प्लेस इथल्या त्यांच्या घरी विद्यार्थी जमत, आणि चहाच्या पेल्याबरोबर एखादा मंत्री, एखादा कामगार पुढारी आणि परदेशातून नुकताच आलेला बुजरा विद्यार्थी एकाच खोलीत बसत. अडचणीतल्या विद्यार्थ्यांना ते पुस्तके देत, प्रसंगी पैसे देत, शिफारसपत्रे लिहीत. के. आर. नारायणन १९४८ मध्ये शिक्षण संपवून मायदेशी निघाले तेव्हा लास्कींनी त्यांच्याजवळ नेहरूंच्या नावे एक पत्र दिले होते. ते पत्र घेऊन दिल्लीत नेहरूंना भेटलेले नारायणन पुढच्याच वर्षी परराष्ट्र सेवेत दाखल झाले, आणि १९९७ मध्ये राष्ट्रपती. असा जिव्हाळा इतर शिक्षकांतही असतो, हे खरे. लास्कींच्या बाबतीत तो त्यांच्या विचारांतूनच उगवला होता, आणि ही बाजू त्यांच्या चाहत्यांकडूनही नजरेआड होते.

१९१७ आणि १९१९ मधील त्यांच्या पहिल्या दोन ग्रंथांचा गाभा असा: राज्याला नागरिकांकडून आपोआप आज्ञापालन मिळावे असा कोणताही अधिकार नाही. चर्च, कामगार संघटना, व्यवसायसंघ यांच्यासारखेच राज्यालाही माणसाचे मन रोज नव्याने जिंकावे लागते. राज्य जे सांगते ते योग्य आहे का, याचा निवाडा अखेर प्रत्येकाची सदसद्विवेकबुद्धी करते. हे सिद्ध करायला त्यांनी उदाहरणे कोणती घेतली, हे पाहण्यासारखे आहे. पाद्री नेमण्यात मंडळीचा शब्द चालला पाहिजे म्हणून १८४३ मध्ये चर्च आणि राहती घरे सोडून बाहेर पडलेले स्कॉटलंडचे शेकडो पाद्री, ऑक्सफर्डमधील धर्मपुनरुज्जीवनवादी, इंग्लंडमधले कॅथलिक, बिस्मार्कशी झुंजलेले जर्मन कॅथलिक. स्वतः निरीश्वरवादी असलेल्या या ज्यू तरुणाने ज्यांच्या श्रद्धेत त्याचा तसूभरही वाटा नव्हता त्यांच्या बाजूची तर्कसंगती इतक्या आस्थेने उलगडली, की विरोधकाला आतून समजून घेणे म्हणजे काय याचा तो धडाच आहे. क्रांतीचा कट्टर वैरी एडमंड बर्क याची निवडक पत्रे त्यांनी १९२२ मध्ये संपादित केली. समाजवादावर कवडीचा विश्वास नसलेले अमेरिकी न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार १९१६ ते १९३५ असा एकोणीस वर्षे चालला. सत्तेने प्रत्येक वेळी स्वतःचे समर्थन दिलेच पाहिजे असे मानणारा माणूस वर्गात उभा राहिला, की तिथली सत्ता त्याचीच असते. आणि तिलाही तोच नियम लागू होतो. लास्कींच्या वर्गात विद्यार्थ्याने उलटून विचारणे हा म्हणूनच शिष्टाचाराचा किंवा औदार्याचा भाग नव्हता. तो त्यांच्या सिद्धांताचा भाग होता.

यावरचा सर्वांत भारी आक्षेप लास्की लंडनला येण्याआधीच घेतला गेला होता. नोव्हेंबर १९१७ मध्ये म्युनिकच्या विद्यार्थ्यांपुढे जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांनी विद्येच्या व्यवसायावर भाषण केले. महायुद्ध चालू होते आणि जर्मन प्राध्यापक वर्गावर्गांतून देशभक्तीची प्रवचने झोडत होते. वेबर यांचे म्हणणे असे की प्रेषिताला आणि पुढाऱ्याला प्राध्यापकाच्या खुर्चीवर जागा नाही. सभेत श्रोता ओरडून विरोध करू शकतो. वर्गात विद्यार्थ्याला गप्प बसावे लागते, शिवाय परीक्षा शिक्षकाच्या हाती असते. अशा ठिकाणी मतांचा प्रचार करणे म्हणजे दुबळ्यावर कुरघोडी. शिक्षकाचे पहिले काम प्रत्येक पक्षाला अडचणीच्या वाटणाऱ्या वस्तुस्थिती विद्यार्थ्यापुढे ठेवणे. हा आक्षेप झटकून टाकण्याजोगा नाही. सत्तेच्या विषमतेबद्दल वेबर यांचे निरीक्षण अचूक आहे, आणि आपल्याकडच्या ज्या विभागांत प्रबंध मार्गदर्शकाच्या सहीशिवाय हलत नाही तिथे ते आणखीच खरे आहे.

पण मत झाकल्याने ही विषमता कमी होते का? झाकलेले मत वाचनाच्या यादीतून, प्रश्नपत्रिकेच्या शब्दांतून, कोणत्या विषयावर दोन मिनिटे आणि कोणत्यावर दोन तास यातून बोलतच राहते, आणि त्याच्याशी वाद घालता येत नाही. कारण ते मत म्हणून समोर येतच नाही. इंग्रजी अमदानीत आपल्या महाविद्यालयांत शिकवला जाणारा हिंदुस्थानच्या घटनात्मक विकासाचा अभ्यासक्रम आठवावा. १८६१ चा कायदा, १८९२ चा, १९०९ चा, १९१९ चा, अशा पायऱ्या चढत देश जबाबदार शासनाकडे निघाला आहे, अशी त्याची मांडणी. त्यात प्रचाराचा एक शब्द नव्हता, आणि साम्राज्याचे संपूर्ण समर्थन होते. तटस्थतेचा आव आणणाऱ्या अधिकारपीठांतूनही पक्षपात कसा बोलतो, हे लास्कींनी १९२४ मध्ये ज्यूरीच्या बाकावर बसून पाहिले. पंजाबचे माजी लेफ्टनंट गव्हर्नर मायकेल ओड्वायर यांनी सर शंकरन नायर यांच्यावर बदनामीचा खटला भरला होता. नायर यांनी आपल्या पुस्तकात पंजाबातील अत्याचारांचा ठपका ओड्वायर यांच्यावर ठेवला होता. पाच आठवडे सुनावणी चालली. जनरल डायर यांचे वर्तन योग्यच होते, असे मत न्यायमूर्ती मॅकार्डी यांनी न्यायासनावरून दिले. बारांपैकी अकरा ज्यूरर ओड्वायर यांच्या बाजूने गेले. विरोधात राहिलेला एकमेव ज्यूरर म्हणजे हॅरॉल्ड लास्की.

वेबर यांच्या म्हणण्यातला आणखी एक धागा त्यांचे नाव घेणारे सहसा सोडून देतात. त्याच भाषणात त्यांनी सांगितले आहे की ज्यात माणूस जीव ओतू शकत नाही ते काम माणसाच्या लायकीचे नाही. आणि १९१९ च्या दुसऱ्या भाषणात राजकारण्याला हव्या असलेल्या गुणांत तळमळ, जबाबदारीची जाणीव आणि प्रमाणभान ही तीन त्यांनी एकत्र मोजली. म्हणजे त्यांचा राग प्रचारावर होता, तळमळीवर नव्हता. या दोहोंतला फरक तपासायची एक खूण मला ठाम वाटते: शिक्षकाचा विद्यार्थी त्याच्यापासून दूर जाऊ शकतो का, आणि गेल्यावरही त्याच्याकडून मिळालेले काही बरोबर नेतो का.

या कसोटीवर लास्कींचे विद्यार्थी पाहावेत. इंडिया लीग चालवणारे कृष्ण मेनन. कायद्याचा अभ्यास करता करता त्यांची व्याख्याने ऐकायला जाणारे आणि नंतर साम्यवादी झालेले ज्योती बसू. साम्यवादाच्या वाटेला कधीच न गेलेले नारायणन. कॅनडाचे उदारमतवादी पंतप्रधान पिएर त्रुदो. बेल्जियममधून जीव वाचवून पळून आलेला ज्यू तरुण राल्फ मिलिबँड, ज्याने १९६१ मध्ये ग्रंथ लिहून आपल्या गुरूच्याच मजूर पक्षाची संसदीय वाट कशी अपुरी पडली हे मांडले. नामवंत विद्यार्थ्यांच्या यादीवरून शिक्षकाची थोरवी सिद्ध होत नाही, हा प्रतिवाद मला मान्य आहे. हुशार मुले कुठेही पुढे गेली असती. मला त्या यादीतली नावे महत्त्वाची वाटत नाहीत, त्यांच्यातली अंतरे महत्त्वाची वाटतात. प्रचारकाच्या हाताखालून एकाच छापाची माणसे बाहेर पडतात. इथे तसे झालेले दिसत नाही.

भारतात एक वेगळा आरोप नेहमी ऐकू येतो: लास्कींच्या वर्गाने आपल्या एका पिढीला समाजवादाचे वेड लावले, आणि परवाना राज्याची मुळे तिथे आहेत. या आरोपात शिक्षकाच्या शक्तीचा भलताच मोठा अंदाज आहे. नेहरू केंब्रिजचे विद्यार्थी, लास्कींचे कधीच नव्हते. उद्योग राज्याने हाती घ्यावेत ही कल्पना १९३० नंतरच्या जागतिक मंदीने जगभर पोहोचवली होती, आणि १९४४ मध्ये टाटा, बिर्ला, कस्तुरभाई लालभाई आदींनी मांडलेल्या मुंबई योजनेतही राज्याच्या हस्तक्षेपाला मोठी जागा होती. ते उद्योगपती काही लास्कींच्या वर्गातून शिकून आले नव्हते. शिवाय त्याच इमारतीत अर्थतज्ज्ञ लायोनेल रॉबिन्स आणि १९३१ पासून फ्रीडरिक हायेक नेमके उलटे शिकवत होते. नियोजनाची वाट गुलामीकडे जाते असे सांगणारा हायेक यांचा १९४४ चा ग्रंथ आणि लास्कींचे समाजवादी लिखाण एकाच संस्थेतून बाहेर पडले. विद्यार्थी एका तासाला हे ऐकत, दुसऱ्याला ते. प्रत्येक शिक्षकाला मिळमिळीत करून संस्थेत समतोल साधता येतो हा समज या उदाहरणापुढे टिकत नाही. परस्परांशी भिडणारी पक्की मते शेजारी नांदू देण्यानेही तो साधतो, आणि माझ्या मते जास्त चांगला साधतो.

आता लास्कींच्या चुका. १९३० नंतर, हिटलरचा उदय आणि मंदी पाहून, राज्याला अनेक संघटनांपैकी एक मानणारा त्यांचा बहुसत्तावाद मागे पडला आणि मार्क्सवादाचा जोर वाढला. १९३४ मध्ये त्यांनी मॉस्कोत व्याख्याने दिली आणि त्यावरून इंग्लंडमध्ये गदारोळ झाला. सोव्हिएत राजवटीकडे त्यांनी जितक्या कठोरपणे पाहायला हवे होते तितके पाहिले नाही, हा दोष पुसता येत नाही. राज्याला रोज समर्थन मागा असे सांगणाऱ्याने एका राज्याला बरीच वर्षे सवलत दिली. थोरामोठ्यांशी झालेल्या भेटी तिखटमीठ लावून सांगण्याची त्यांची सवय मित्रांनाही खटके. आणि मग नेवार्क. जून १९४५ च्या निवडणूक प्रचारात या छोट्या गावच्या बाजारचौकात सभेनंतर प्रश्नोत्तरे झाली. लास्कींनी हिंसक क्रांतीची भाषा केली, अशी बातमी तिथल्या वृत्तपत्राने दिली. लास्कींनी बदनामीचा दावा लावला. १९४६ च्या अखेरीस तो सुनावणीला आला तेव्हा प्रतिपक्षाचे वकील सर पॅट्रिक हेस्टिंग्ज यांनी त्यांच्याच ग्रंथांतले उतारे त्यांच्यापुढे एकामागून एक वाचले आणि हो की नाही एवढेच उत्तर मागितले. लोकशाहीला बदल करू दिला नाही तर हिंसेचा धोका वाढतो, हे लास्कींचे भाकीत होते. भाकीत आणि चिथावणी यांतला फरक सांगायला जेवढी वाक्ये लागतात तेवढी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात मिळत नाहीत. ज्यूरीने त्यांच्या विरुद्ध निकाल दिला. खर्चाचा प्रचंड बोजा उतरवायला इंग्लंड-अमेरिकेतल्या मित्रांनी वर्गणी काढली.

या प्रकरणावरून प्राध्यापकाने राजकारणात पडूच नये असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ आहेत. मला त्यातून दिसते ते वेगळे. बाजारचौकात उत्तराला एक मिनिट मिळते, वर्गात एक सत्र. वर्गात लास्की स्वतःच्या म्हणण्याविरुद्धचा पुरावा मांडायला वेळ काढू शकत; चौकात ते शक्य नव्हते, आणि तिथे पत्करलेली घाईच त्यांना भोवली. पंतप्रधान ॲटली यांनी ऑगस्ट १९४५ मध्येच, लास्की पक्षाध्यक्ष असताना, आता काही काळ गप्प बसाल तर बरे, अशा अर्थाचे पत्र त्यांना पाठवले होते. वर्गातल्या लास्कींना असे पत्र पाठवण्याची गरज कुणाला पडली असती असे वाटत नाही.

त्यांच्या जागी १९५१ मध्ये आलेले मायकेल ओकशॉट हे जणू लास्कींच्या प्रत्येक वाक्याला दिलेले उत्तर होते. वॉलस आणि लास्की यांच्यामागून आपल्यासारखा संशयवादी यावा हे थोडे कृतघ्नपणाचेच, असे त्यांनी पहिल्याच व्याख्यानात सुचवले. राजकारण हे ध्येयवाद राबवण्याचे काम नसून चालत आलेल्या व्यवहारांची निगा राखण्याचे आहे; विद्यापीठाने ते समजावून सांगावे, कुणाला त्यासाठी तयार करू नये, ही त्यांची भूमिका. हा आक्षेप वेबरपेक्षा खोल जातो, कारण तो शिक्षकाच्या वर्तनावर न थांबता विषयाच्या स्वरूपालाच हात घालतो. इंग्लंडसारख्या जुन्या, वळण पडलेल्या राज्यव्यवस्थेत त्याला अर्थ आहे. पण जिथे चालत आलेला व्यवहारच अन्यायाचा आहे, जिथे गावच्या पाणवठ्यावर कुणी जावे हेही परंपरेने ठरवलेले आहे, तिथल्या विद्यार्थ्याला निगा राखायला सांगून भागत नाही. लास्कींकडे वसाहतींतून आलेले विद्यार्थी का ओढले जात, याचे कारण मला इथे दिसते. बाबासाहेब आंबेडकर त्याच संस्थेत अर्थशास्त्राचे विद्यार्थी होते. तिथल्या विद्यार्थी मंडळापुढे त्यांनी हिंदुस्थानातील जबाबदार शासनावर निबंध वाचला तेव्हा लास्कींना त्यातले विचार क्रांतिकारक वाटले, असे त्यांचे चरित्रकार धनंजय कीर यांनी नोंदवले आहे. पुढे डिसेंबर १९५२ मध्ये पुण्यात लोकशाहीच्या यशाच्या अटी सांगताना बाबासाहेबांनी समाजात नैतिक व्यवस्था असण्याची अट मांडली, आणि राज्यशास्त्रज्ञांपैकी या प्रश्नाचा विचार करणारे म्हणून नाव घेतले ते नुकत्याच वारलेल्या लास्कींचे.

आपल्या विद्यापीठांत लास्की पोहोचले ते मुख्यतः १९२५ च्या ‘अ ग्रामर ऑफ पॉलिटिक्स’मधून, आणि फार लवकर त्यांचे झाले हक्कांच्या व्याख्येपुरते चार ओळींचे टिपण आणि बहुसत्तावादावरचा दहा गुणांचा प्रश्न. ज्याने आज्ञापालनाचे कारण विचारायला शिकवले त्याचे नाव पाठांतराच्या यादीत गेले. अहमदाबादेत मात्र वेगळे काही घडले. मूळच्या कोकणातल्या मावळंकर घराण्यातले, लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळंकर यांचे चिरंजीव पुरुषोत्तम मावळंकर हे राज्यशास्त्राचे प्राध्यापक. लास्कींना गुरुस्थानी मानून त्यांनी तिथे हॅरॉल्ड लास्की इन्स्टिट्यूट ऑफ पॉलिटिकल सायन्स काढली. १९७२ मध्ये ते लोकसभेवर निवडून गेले ते अपक्ष म्हणून. ज्या गुरूने पक्षाचे अध्यक्षपद भूषवले त्याच्या या चाहत्याने तेव्हा कोणताच पक्ष धरला नाही. आणीबाणीत विरोधी पक्षांचे अनेक खासदार तुरुंगात असताना, वडिलांनी ज्याचे कामकाज चालवले त्याच सभागृहात उभे राहून, ते सरकारला त्याच्या सत्तेचे समर्थन मागत राहिले.